निकम हवालदारांचा झोपेतला फोटो

निकम हवालदार घोरायला लागले की हरिपुरातल्या पेवांमधली हळद हलायची, असं मी सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. म्हणा. सांगलीत मला थापाड्या म्हणणारे एवढे आहेत की त्यांची वेगळी नगरपालिका काढता येईल आणि मीच तिचा नगराध्यक्ष होईन. पण ज्यांनी पेव पाहिलंय त्यांना माझं म्हणणं पटेल. जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खड्डा, आत पोत्यांनी ओतलेली हळद, वरून तोंड लिंपून बंद. त्या लिंपलेल्या तोंडाखाली एखादा रेडा अडकला आणि हुंकारायला लागला तर जसा आवाज येईल, दबलेला, घुमणारा, फार खालून आलेला, तसा तो आवाज होता. माधवनगरच्या बाजूनं येणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरनं एकदा तो ऐकून गाडी सिग्नलबाहेर उभी केली होती. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण पहिल्यांदा सांगितलं मीच.

तर आवाज मोठा होता. पण मोठ्या आवाजाची माणसं प्रत्येक गल्लीत असतात. निकमांचं वेगळेपण आवाजात नव्हतं. तो आवाज मधेच थांबायचा, त्यात होतं.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. सांगलीत कृष्णेच्या अंगाला एक खासगी हॉस्पिटल होतं, तिथं मी केसपेपर लिहायला होतो. नाव, गाव, वय, तक्रार काय. माझ्या खिडकीसमोर बोळ आणि बोळाच्या पलीकडे एक्स-रेची खोली. त्या खोलीचे मालक निकम. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावचे. पलटणीत गेले, लष्कराच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला शिकले, हवालदार होऊन पेन्शन घेतली आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना इकडे आणलं. अंगानं ठेंगणे, रुंद. देव त्यांना मान द्यायला विसरला होता, डोकं सरळ खांद्यांवर ठेवून मोकळा झाला होता. हनुवटीही लहानशी, आत ओढलेली. पँटची इस्त्री मात्र अशी की तिच्या धारेवर कांदा चिरावा.

त्यांच्या खोलीत एक स्टूल होतं. पाच वर्षांत मी त्यांना त्यावर बसलेलं पाहिलं नाही. डबा उभ्यानं, चहा उभ्यानं. वर्तमानपत्र भिंतीला लावून असं वाचायचे की भिंतीलाच वाचून दाखवतायत असं वाटावं. खिशात काळे मिरे. थोड्या थोड्या वेळानं एक दाणा दाताखाली फोडायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. हे कसलं पथ्य, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भाऊसाहेब, बसनं आपल्याला मना हाय. बसलो की डोळा लागला. ह्यो मिरा म्हंजी आपला सुभेदार, झोपू देत न्हाई."

फिल्म धुवायची अंधारी खोली ही त्यांची खरी शत्रू. लाल दिवा, ओला गारवा, नळाची संथ धार. आत आपण झोपू आणि फिल्म रसायनात काळी होईल या भीतीनं ते आत मोठ्यानं कवायत म्हणायचे. एक दो एक, एक दो एक. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटला वाटायचं आत पलटण उतरलीय.

आपल्याकडं एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात, आणि त्या काळी माणसं फोटोला येतात तशीच येत. कवठ्याची एक आजी गुडघ्याच्या फोटोला नथ घालून आली. दुसरा कुणी असता तर हसला असता नाहीतर खेकसला असता. निकमांनी तिचं लुगडं नीट गुडघ्यावर घेतलं, फिल्मची पेटी खाली सरकवली आणि शिशाच्या पडद्यामागून म्हणाले, "आजी, वाईच हसा की." आजी हसली, त्यांनी बटण दाबलं. गुडघा इतका स्वच्छ आला की मोठे डॉक्टर म्हणाले, हाडसुद्धा खूश दिसतंय. आजीनं जाताना निकमांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. नंतर किती तरी वेळ ते गालाला हात लावून उभे होते. त्यांच्या गालाला माणसाचा हात लागून फार दिवस झाले असावेत, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी नथीची गोष्ट वाढवून सांगण्यात गुंतलो होतो.

मग पैलवानाचं प्रकरण झालं. छातीच्या फोटोचा एक ठरलेला क्रम असतो. श्वास घ्या, धरा, हलू नका. मग बटण. मग सोडा. तालमीतला एक पैलवान आला. निकमांनी त्याला पेटीला छाती लावून उभं केलं, पडद्यामागं गेले, म्हणाले, श्वास घ्या, धरा. आणि तिथंच, उभ्या उभ्या, त्यांचा डोळा लागला. आता पैलवान म्हणजे वस्तादाच्या शब्दातला माणूस. धर म्हटलं की सोड म्हणेपर्यंत धरायचं. तो धरून उभा. बाकावरचे पेशंट म्हणतात मिनिट झालं असेल. मी गावात चार सांगितली, तालमीपर्यंत जाताना त्याची सात झाली. शेवटी पैलवान वांग्याच्या रंगाचा होऊन पेटीसकट खाली आला आणि त्या दणक्यानं जागे होऊन निकम म्हणाले, "सोडा."

दवाखाना महिनाभर हसला, मी सगळ्यांच्या पुढं. पण हसता हसता कुणीतरी म्हणालं, घेत असणार. आणि ते चिकटलं. माजी सैनिकाला कॅन्टीनची रम मिळते हे सगळ्यांना ठाऊक. भर दुपारी उभ्यानं झोपणारा, सकाळी लाल डोळ्यांनी डोकं धरून येणारा पेन्शनर हवालदार, आणखी काय पुरावा पाहिजे? खरी गोष्ट अशी की निकम थेंबाला शिवत नसत. कार्डावरची बाटलीसुद्धा उचलत नसत, आणि ती आपल्यासाठी तरी का उचलत नाहीत म्हणून गावातले चार माजी सैनिक त्यांच्याशी बोलत नव्हते. म्हणजे पिणारे रुसलेले, न पिणारे नाक मुरडणारे, आणि मध्ये निकम एकटे, मिरा फोडत.

खोली त्यांना टिकायची नाही. एका घरमालकिणीनं सांगितलं, तुमच्या आवाजानं आमची म्हैस आटली. दुसऱ्यानं काही न सांगता वळकटी बाहेर ठेवली. सातवी खोली लाकडाच्या वखारीमागं मिळाली, पत्र्याची. करवतीच्या आवाजात आपला आवाज खपून जाईल असा त्यांचा अंदाज. पंधरा दिवसांत वखारवाला आला आणि म्हणाला, तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवे होऊ नका हो, वखार चालू आहे समजून गिऱ्हाईक येतं. यातलं वखारवाल्याचं किती आणि माझं किती हे आता मलाही सांगता येणार नाही. पण ती खोली टिकली. संध्याकाळी वखार बंद झाली की आसपास चिटपाखरू नसे. बरं झालं, असं मी म्हणालो.

"बरं हाय," निकम म्हणाले. "कुनाची झोपमोड न्हाई." मग एक मिरा फोडून, "कुनाचं ध्यानबी न्हाई."

त्यांची बायको हिराबाई, ते पेन्शनीत आले त्याच्या दुसऱ्या वर्षी गेली होती. एकच मुलगी, सुमन. ती साताऱ्यात दिलेली. जावई शाळेत गुरुजी, सरळ, काटेकोर, दारूबंदीच्या सभांतून भाषणं करणारे. सुमनला मुलगा झाला, तेव्हा निकम नवा कोट शिवून बारशाला गेले. बायकांनी पाळण्यातून काढून बाळ त्यांच्याकडं दिलं आणि म्हणाल्या, बसा की आजोबा, उभ्यानं कुणी लेकरू घेतं का. ते बसले. पाळणा म्हणून व्हायच्या आत त्यांचं डोकं छातीवर आलं, हात सैल पडले आणि बाळ मांडीवरून घसरलं. गुरुजींनी वरच्या वर झेललं. बाळाला काही झालं नाही. पण गुरुजींनी सगळ्या बायकांपुढं सासऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा आला नाही, तेव्हा म्हणाले, "मामा, लवंग चघळून आलात वाटतं."

लवंग नव्हती, मिरा होता. एवढं एक वाक्य निकमांना तिथं बोलता आलं नाही.

आठवड्यानं साताऱ्याहून पत्र आलं. अक्षर सुमनचं, वाक्यं गुरुजींची. सवय सुटल्याशिवाय येऊ नये. निकमांनी ते पत्र माझ्या खिडकीतून आत सरकवलं आणि मी वाचून होईपर्यंत बोळात उभे राहिले. नसलेली सवय सोडायची कशी, असं त्यांनी मला विचारलं. नोकरी संपल्यावर ते सुमनकडंच जाऊन राहणार होते. नातवाला शाळेत पोचवणार होते. त्यांनी वाटेवरच्या घरांपर्यंत सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आता त्या घराचा उंबरा एका न प्यायलेल्या दारूनं अडवला होता.

माणसाच्या शब्दावर निकमांचा विश्वास नव्हता, फिल्मवर होता. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी म्हणाले, हिरा एक सांगायची. तुम्ही झोपेत गप्प होता, घोरणं थांबतं, पोट हलतं पण नाकातोंडातून वारा येत नाही. ती कोपरानं ढोसली की पुन्हा सुरू. "मला वाटायचं, बाईमानूस, घाबरती. आता वाटतंय, तिनं बघितलं ते खरं असंल. आत वाट बंद हुत असंल. मग रातभर झोप कसली? दिवसा डोळा लागतो त्यो त्येच्यापायी. आन् वाट बंद हुत असंल तर फोटूत दिसनारच की, भाऊसाहेब."

मग काढा की फोटो, मी म्हणालो.

"मी झोपल्यावर बटन कोन दाबनार?"

जगातल्या कुणाचाही फोटो निकमांना काढता येत होता. हा एकच येत नव्हता. त्याला दुसरं माणूस लागत होतं, आणि त्यांच्याजवळ दुसरं माणूस म्हणजे केसपेपर लिहिणारा एक थापाड्या.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असे. निकमांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून घेतलं. टेबलावर उताणं झोपायचं, मानेच्या एका अंगाला फिल्मची पेटी उभी करून वाळूच्या पिशव्यांनी टेकवायची, दुसऱ्या अंगानं मशीनचं तोंड आडवं लावायचं. मशीनचे काटे त्यांनी स्वतः बसवले, मला हात लावू दिला नाही. पहिला फोटो जागेपणी. तो काढून झाल्यावर म्हणाले, आता मी झोपतो, तुम्ही दाबा. त्या दिवशी त्यांनी मिरा खाल्ला नव्हता. मी पडद्यामागं जाईपर्यंत ते झोपले होते. आणि मग तो रेडा पेवातून हुंकारायला लागला. काचेची भांडी थरथरली, खिडकीतलं कबुतर उडालं ते थेट मिरजेला जाऊन बसलं. आवाज ऐन भरात आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं.

फिल्म धुऊन आली. निकमांनी ती उजेडाला धरली आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी नेम चुकवून स्वतःच्याच चौकीवर गोळी झाडलीय. हवा फोटोत काळी दिसते, हाड पांढरं, मांस राखाडी. जिभेच्या मागून गळ्यात उतरणारी काळी वाट अरुंद झाली होती, पण उघडी होती.

"घोरताना न्हवं," ते म्हणाले. "घोरताना वारा जातूय की. सगळं जग त्या घोरन्याकडंच बघतं. माजं मरान गप हुन्यात हाय. गप झालो की दाबायचं."

दुसऱ्या दुपारी पुन्हा मांडामांड. ते झोपले, घोरले, आणि एकाएकी गप्प झाले. पडद्याच्या काचेतून मला दिसत होतं. पोट वर येत होतं, छाती आत ओढली जात होती, गळ्याच्या खळगीत खड्डा पडत होता, पण आवाज नाही. नाकपुड्या हलत नव्हत्या. मी मोजायला लागलो. दहापर्यंत गेलो. पंधरापर्यंत गेलो. ओठांचा रंग उतरला. बटण माझ्या हातात होतं, आणि हात टेबलाकडं धावायला बघत होता. अशा वेळी माणसाला हलवून उठवायचं की त्याचा फोटो काढायचा? विसाला मी दाबलं. मशीन खट् वाजलं. मी पडदा सोडून पळालो, तोवर त्यांचा देह एकदम उसळला आणि बुडालेला माणूस पाण्याबाहेर यावा तसा त्यांनी श्वास घेतला. डोळे उघडले नाहीत. पुन्हा घोरायला लागले.

फोटो झाला होता. मला जाता आलं असतं. पण मला तिथून हलता येईना. मी ते स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसलो. ते गप्प झाले की खांदा हलवायचा, सुरू झाले की हात काढायचा. अर्ध्या तासात ते अठरा वेळा गप्प झाले. माझ्या बाकीच्या आकड्यांना तुम्ही हवी तेवढी काट मारा, हा एक जसाच्या तसा धरा. कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर मी रेघा मारल्या होत्या.

जागे झाल्यावर त्यांनी त्या रेघा मोजल्या, दोनदा.

नवी फिल्म मोठ्या डॉक्टरांनी खिडकीला धरली. काळी वाट जिभेच्या बुडाशी संपली होती. पुढं राखाडी, नुसतं राखाडी, आणि खूप खाली पुन्हा काळं सुरू. भूल दिल्यावर जीभ अशी मागं पडते, ते आम्ही रोज बघतो, ते म्हणाले, पण साध्या झोपेत ही स्थिती मी पुस्तकातही फारशी वाचलेली नाही. औषध त्यांच्याकडं नव्हतं. वजन उतरवा, कुशीवर झोपा. गळ्याला भोक पाडून नळी बसवतात असं कुठं तरी छापून आलंय, पण ते मी तुम्हाला सुचवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता म्हणे या रोगाला लांबलचक नाव आहे आणि नाकाला लावायचं यंत्रही मिळतं. तेव्हा आमच्या सांगलीत त्याला नावच नव्हतं. माझ्या फॉर्मवर 'तक्रार काय' या रकान्यात मी काय लिहिणार होतो? घोरणं? निकमांना औषधाचं फारसं वाटलं नाही. त्यांनी एकच मागितलं, दोन ओळी लिहून द्या. डॉक्टरांनी लिहून दिलं की दिवसा झोप येण्याचं कारण गळ्यात आहे, व्यसनात नाही.

रविवारी आम्ही साताऱ्याला निघालो. मी साक्षीदार. एस.टी. अर्धी रिकामी होती आणि निकम सांगलीपासून दांडी धरून उभे. कंडक्टरनं तीनदा विनवलं, एकदा दम दिला, शेवटी कराडच्या पुढं स्वतःची सीट देऊ केली. निकमांनी फिल्मचं पाकीट छातीशी धरून मान हलवली. एवढा इमानदार उभा प्रवासी त्या गाडीनं आधी पाहिला नसेल.

गुरुजींचं घर किल्ल्याच्या उताराला, दोन खोल्यांचं. दारात सासरा बघून त्यांचा चेहरा आवळला. पत्र मिळालं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. निकम पायरीवरच थांबले आणि म्हणाले, पाव्हणं, उत्तर घिऊन आलोय. मग खिडकीशी जाऊन त्यांनी दोन्ही फिल्मा काचेला लावल्या.

"ही जागेपनी. ही काळी दिसती ती वाऱ्याची वाट, बोटभर हाय. आन् ही झोपल्याली. कुंभार्ली घाटात दरड आली की रस्ता जसा दिसत न्हाई, तसं झालंय बघा. गाडी हितंच थांबती. दारू न्हवं पाव्हणं, दरड हाय."

गुरुजींनी दोन्ही फिल्मा मुलांचे पेपर तपासावेत तशा बघितल्या. बोट ठेवून, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. मला विचारलं, बटण तुम्ही दाबलं? मी हो म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात काही मिसळलं नाही. मग त्या काटेकोर माणसानं चष्मा काढला आणि हात जोडले. मी चुकलो, म्हणाले. मामा, ती सांगलीची खोली सोडा. आता इथंच राहायचं.

निकम जिंकले होते. मी तर परतीच्या गाडीत ही गोष्ट कशी सुरू करायची ते ठरवायलाही लागलो होतो.

सुमन बाळाला खांद्यावर टाकून आतल्या दारात उभी होती. बाळंतिणीच्या जाग्रणानं तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती पुढं आली, झोपेतली फिल्म तिनं बघितली नाही. म्हणाली, "आबा, तुमी काळजी करू नगा. म्या बशीन उशाशी. आय बसायची तशी."

निकमांनी तिच्याकडं बघितलं. "तुजी आय कवा झोपायची गं?"

सुमननं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. गुरुजींनी तिच्याकडं बघितलं तेव्हा म्हणाली, "तुमी रजेवर आलासा की रातीची न्हाईच झोपायची. दुपारी, चुलीम्होरं बसल्या बसल्या. भाकर करपायची." आणि मग फार हळू, "तुमी वरडायचा."

निकमांनी फिल्मा काचेवरून काढल्या, एकमेकींवर नीट ठेवल्या, पुन्हा वेगळ्या केल्या. दिवसा बसल्या जागी झोपणाऱ्या एका बाईला ते वर्षानुवर्षं आळशी म्हणून घालूनपाडून बोलले होते. आता तीच बाई, वयानं लहान, बाळ खांद्यावर घेऊन समोर उभी होती आणि मी बसते म्हणत होती.

त्यांनी हात पुढं केले. सुमननं बाळ दिलं. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पाय रोवून, आणि बाळाला त्यांनी असं धरलं की भूकंप झाला असता तरी घर पडलं असतं, बाळ नसतं. बाळानं त्यांचं नाक पकडलं. बराच वेळ ते तसेच होते. मग त्यांनी बाळ गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "निघतो. उद्या ड्यूटी हाय."

गुरुजींनी आग्रह केला, हात धरला. सुमन रडली. ते म्हणत राहिले, येत जाईन की दिवसाचा, उभ्या उभ्या. पायरी उतरताना सुमननं विचारलं, यातला एक फोटो ठेवून घेऊ का. आबांचा एकही फोटो आमच्याकडं नाही. निकमांनी पाकीट उघडलं, उजेडाला धरून खात्री केली आणि जागेपणीचा तिला दिला.

परतीच्या गाडीत ते काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही, ज्यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही.

पुढं वखारीची जागा विकली गेली. निकमांची नोकरी संपली, ते गावी गेले. मीही दवाखाना सोडून एका औषधाच्या दुकानाच्या कामाला लागलो आणि फिरू लागलो. दशक संपत आलं होतं. एका दुपारी कराडच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. उन्हाची वेळ, उसाच्या हंगामातली गर्दी, कर्ण्यावरून गाड्यांची नावं, पोरांची रडारड. आणि त्या सगळ्याच्या खालून, जमिनीतून आल्यासारखा, तो आवाज. बाकावर निकम बसले होते. बसले होते, हे आधी लक्षात आलं. भिंतीला डोकं टेकून, भर गर्दीत, गाढ झोपलेले. केस पांढरे, पँटची इस्त्री तशीच.

मी जवळ पोचायच्या आत ते गप्प झाले. माझ्या आत आपोआप मोजणं सुरू झालं. तेवढ्यात शेजारी टोपली घेऊन बसलेल्या शेंगावालीनं त्यांच्याकडं न बघता हातातल्या मापट्यानं त्यांच्या गुडघ्याला ढोसलं. त्यांनी श्वास घेतला. ती पुन्हा शेंगा ओरडू लागली.

मी तिला विचारलं, हे इथं कसे.

"रोज येत्यात," ती म्हणाली. "पाटनच्या गाडीनं येत्यात, हितं झोपत्यात, चारच्या गाडीनं माघारी. घरी एकल्याला झोपायची धास्ती वाटती म्हनं. हितं मानसं असत्यात. गप झालं की ढोसायचं, त्येनीच सांगितलंय. म्या नसलो तर त्यो पानवाला. तुमचं कोन लागत्यात?"

एका दवाखान्यात होतो, मी म्हणालो.

"नाव काय ह्येंचं? दोन वरसं झाली, इचारायचंच ऱ्हायलं बघा."

निकम, मी सांगितलं. हवालदार निकम. माझी गाडी लागली होती, माणसं खिडक्यांतून रुमाल टाकत होती. त्यांना उठवावं असं वाटलं, पण ते नुकते पुन्हा घोरायला लागले होते आणि ती झोप त्यांनी किती लांबून येऊन मिळवलेली होती. मी चढलो. खिडकीशी जागा मिळाली. गाडी मागं घेताना बाक समोर आला. शेंगावालीनं तिकडं मान वळवली. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ हलले ते मी पाहिलं. या वेळी मापटं तिनं उचललं नव्हतं.

निकमांनी डोळे उघडले. एवढ्या माणसांत आपल्याला नावानं हाक मारणारं कोण आहे ते शोधत ते बाकावरून उठले आणि गर्दीकडं बघू लागले, एकेक तोंड निरखत. मी खिडकीतून हात काढला. ते दुसऱ्या बाजूला बघत होते, आणि गाडी फाटकातून बाहेर वळली.